टिश्यू पेपर: आधी गिऱ्हाईक, मग मशीन

वाचकाचं पत्र

सर, नमस्कार. मी औसा तालुक्यातल्या एका गावात राहते. बी.कॉम. झालंय, दोन लेकरं आहेत. घरी पाच एकर कोरडवाहू, त्यात सोयाबीन आणि तूर. सोयाबीनच्या भावानं पार रडवलं, म्हणून काहीतरी जोडधंदा बघतोय. यांच्या एका मित्रानं टिश्यू पेपरच्या मशीनचा व्हिडिओ पाठवला. त्या कंपनीच्या माणसाशी बोललो. तो म्हणाला, अमेरिकेत माणूस वर्षाला पंचवीस किलो टिश्यू वापरतो आणि भारतात एक किलोसुद्धा नाही, म्हणजे पुढची वीस वर्षं याच धंद्याची. मशीन तेच देणार, कच्चा माल तेच पाठवणार आणि तयार माल तेच परत घेणार, असा करार. सगळं मिळून बारा लाख. येत्या सोमवारपर्यंत दोन लाख अॅडव्हान्स भरला तर सूट. मामंजी जमीन तारण ठेवायला तयार झालेत. आत्याबाई मात्र म्हणतात, "आपल्याकडं कोण कागदाला हात पुसतंय?" दिराचं वेगळंच. ते म्हणतात, आपल्या भागात एवढे साखर कारखाने आहेत, उसाच्या चिपाडापासून कागदच बनवू, नुसते नॅपकिन कशाला कापायचे. दिराचा छोटा टेम्पो आहे, मालाची ने-आण ते करतील. या धंद्याला खरंच भविष्य आहे का? आम्ही काय करावं?

— एक वाचक, ता. औसा, जि. लातूर

उत्तर

ताई, सोमवारी पैसे भरू नका. पुढचं सगळं निवांत वाचा, घरात सगळ्यांना वाचून दाखवा, पण हे एवढं आजच ठरवून टाका.

'तयार माल आम्हीच घेऊ' हा करार मला नवा नाही. अगरबत्तीच्या मशीनला हाच करार होता, कापसाच्या वातीच्या मशीनला होता, द्रोण-पत्रावळी आणि कागदी कपाच्या मशीनलाही होता. मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत ती मशीनं आज ताडपत्रीखाली झाकून पडली आहेत. गोष्ट बहुतेक सारख्याच वळणानं जाते. पहिली खेप उचलतात, पैसेही वेळेवर देतात, कारण त्या खेपेचे फोटो पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवायचे असतात. दुसऱ्या खेपेला घडी वाकडी निघते, तिसऱ्या खेपेला छपाई फिकी ठरते. करारात कुठंतरी 'कंपनीच्या गुणवत्तेच्या निकषानुसार' अशी एक ओळ असते आणि ते निकष कुठंच लिहिलेले नसतात. तुमच्याकडं करार आला असेल तर ती ओळ शोधा. माल नाकारला तर तो कोणी तपासायचा, किती दिवसांत कळवायचं, भाडं कुणाचं, दाद कुठल्या गावच्या कोर्टात मागायची, हेही बघा. आणि एक साधा विचार करा. माल विकण्याची एवढी खात्री ज्याला आहे, तो मशीन स्वतः का चालवत नाही? त्याचा नफा मशीन विकण्यात आहे. तुमच्या दारात मशीन उतरलं की त्याचा व्यवहार संपला, आणि तुमचे हप्ते तिथून सुरू होतात.

हे परखड लिहितोय, कारण तारण म्हणून जमीन जातेय. पण यावरून टिश्यूचा धंदाच खोटा असं समजू नका. धंदा खरा आहे, वाढतोय आणि पुढंही वाढणार. प्रश्न एवढाच की वाढ कुठं होणार, आणि औशाच्या माणसाला त्यातलं काय हाताशी येणार.

पंचवीस किलोचा आकडा खोटा नाही. उत्तर अमेरिकेत माणशी वापर साधारण तेवढा आहे आणि आपला एक किलोच्या खालीच आहे. पण तिकडच्या त्या ढिगात सगळ्यात मोठा वाटा संडासात वापरायच्या कागदाचा असतो. आपण पाण्यानं धुणारी माणसं, ते बदलणार नाही आणि बदलायची गरजही नाही. त्यामुळं ही दरी म्हणजे उद्याचं गिऱ्हाईक असं धरून जो हिशेब मांडतो, त्याचा पायाच चुकलेला असतो. आत्याबाई बरोबर बोलल्या, पण घरापुरतं. घरात उपरणं आहे, पदर आहे, पंचा आहे, तिथं कागद शिरायला फार काळ जाईल. घराबाहेरची गोष्ट निराळी. औसा, लातूर, अहमदपूर, नांदेड या रस्त्यावरच्या हॉटेलांत आता टेबलावर नॅपकिनचा डबा नसेल तर गिऱ्हाईक मागून घेतं. मंगल कार्यालयात बफे आला आणि ताटासोबत कागदी रुमाल आला. लातुरात क्लासेससाठी आलेल्या हजारो पोरांच्या मेस आहेत, दवाखाने आहेत, लॅब आहेत, ब्यूटी पार्लर आहेत. तुळजापूरला भाविक, नांदेडला हुजूर साहिबचे यात्रेकरू, वेरूळ-अजिंठ्याला पर्यटक. जालना आणि छत्रपती संभाजीनगरवरून गेलेला समृद्धी महामार्ग २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. माणूस घराबाहेर जेवायला, राहायला, उपचाराला जितका जास्त पडेल, तितका टिश्यू खपेल. या धंद्यातले लोक याला 'संस्थात्मक माल' म्हणतात. आपल्या भागात येत्या काळातली वाढ मला तिथंच दिसते.

त्यातही दवाखान्याकडं माझं बोट आधी जातं. हात धुतल्यावर ते एकदाच वापरायच्या टॉवेलनं कोरडे करावेत आणि नळही त्याच टॉवेलनं बंद करावा, असं जागतिक आरोग्य संघटनेची हात धुण्याची पद्धत सांगते. करोनानंतर लहान दवाखान्यांतसुद्धा हे पटलंय. एकाच कापडी टॉवेलला दिवसभर हात पुसणं आता पेशंटलाही आवडत नाही. इथं लागतो तो एम-फोल्ड टॉवेल, म्हणजे एक ओढला की दुसऱ्याचं टोक बाहेर येतं तो. शिवाय तपासणीच्या पलंगावर अंथरायचा लांब रोल लागतो, सोनोग्राफीच्या खोलीत जेल पुसायला कागद लागतो. या मालाला लग्नसराई नसते, दर महिन्याला तेवढाच लागतो. नॅपकिनचं तसं नाही. चातुर्मासात कार्यालयं रिकामी, की तुमचं मशीनही रिकामं.

दुसरी वाढ नाश्त्याच्या गाड्यांची आणि हॉटेलांची. भजी-वडे वर्तमानपत्रात बांधू नका, त्यावर तेल निथळत ठेवू नका, छपाईच्या शाईतली रसायनं अन्नात उतरतात, असं अन्न सुरक्षा प्राधिकरण २०१६ पासून सांगतंय. २०१८ च्या पॅकेजिंगच्या नियमांत तर वर्तमानपत्राला बंदीच आहे. प्लास्टिकवर आपल्या राज्यात २०१८ मध्ये बंदी आली आणि एकदाच वापरायच्या काही प्लास्टिक वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून देशभर. अंमलबजावणी ढिली आहे हे आपण सगळेच बघतो. तरी दिशा ठरलेली आहे. तेल टिपायला, पाव-सँडविच गुंडाळायला शाई नसलेला, खाण्याला चालेल असा कागद लागणारच. मात्र इथं एक सांभाळा. रद्दीपासून बनवलेला स्वस्त टिश्यू हात पुसायला ठीक आहे, अन्नाला लागणाऱ्या कामासाठी तो देऊ नका. कागदाचा रोल घेताना गिरणीकडून तो व्हर्जिन पल्पचा, म्हणजे रद्दीच्या नव्हे तर ताज्या लगद्याचा, आहे का आणि अन्नाला चालतो का, हे लेखी घ्या.

आता दिरांच्या मुद्द्याकडं येतो. त्यांचा विचार उथळ नाही. जगभर टिश्यूचा धंदा लाकडाला पर्याय शोधतोय. बांबू, गव्हाचा भुसा, उसाचा बगॅस म्हणजे चिपाड, या सगळ्यांवर काम चाललंय. बगॅसपासून कागद ही आपल्या देशातली जुनी गोष्ट आहे. तमिळनाडू सरकारनं १९७९ मध्ये काढलेली करूरजवळची गिरणी त्यावरच उभी राहिली. बांबूचं म्हणाल तर तुमच्याच तालुक्यात, लोदग्याला, पाशा पटेलांनी बांबूसाठी किती खटपट केली ते तुम्ही बघितलंच असेल. वनाबाहेरचा बांबू २०१७ च्या कायद्यातल्या बदलानं झाडाच्या व्याख्येतून वगळला, त्यामुळं तो तोडायचा-न्यायचा जाच कमी झाला. 'झाड न तोडता बनवलेला', पांढरा न केलेला तपकिरी टिश्यू आज पुण्या-मुंबईच्या हॉटेलांत मुद्दाम मागतात. येत्या वर्षांत तो लातूर-संभाजीनगरलाही मागतील.

पण चिपाडापासून टिश्यू बनवणं हे घरगुती तर सोडाच, लहान कारखान्याचंही काम नाही. बगॅसमधला भुगा आधी वेगळा काढावा लागतो, मग रसायनात शिजवून लगदा करायचा, धुवायचा, पांढरा करायचा. बगॅसचा धागा आखूड, त्यामुळं ताकदीसाठी त्यात लांब धाग्याचा पल्प मिसळावा लागतो. मग तो लगदा इतका पातळ करतात की त्यात नव्व्याण्णव टक्क्यांहून जास्त पाणी असतं. जाळीवर त्याचा पातळ थर धरायचा, आणि वाफेवर तापलेल्या एका प्रचंड लोखंडी पिंपावर चिकटवून क्षणात वाळवायचा. त्या पिंपाला यँकी म्हणतात. वाळलेला थर पात्यानं खरवडून काढताना त्याला साडीच्या निऱ्यांसारख्या बारीक सुरकुत्या पडतात. टिश्यूचा मऊपणा आणि पाणी पिण्याची ताकद बरीचशी त्या सुरकुत्यांतून येते. हे सगळं करायला कोट्यवधींचं भांडवल लागतं, वाफ लागते, आणि टनामागं हजारो लिटर पाणी लागतं. वापरलेलं पाणी शुद्ध करून मगच सोडायचं, तो खर्च वेगळा. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून लातूरला प्यायला दिलं, ते दिवस तुमच्या डोळ्यांसमोर असतील. बारमाही पाण्याची हमी नसलेल्या ठिकाणी कागदाची गिरणी उभी राहू नये, असं माझं ठाम मत आहे. आणि कारखान्याचा बगॅस काही वाया जात नाही. तो बॉयलरला जातो, त्यावर वीज बनते. तो तुम्हाला फुकट का मिळेल?

म्हणून तुमच्यासारख्यांनी करायचं ते काम म्हणजे कन्व्हर्टिंग. गिरणीतून मोठा जम्बो रोल आणायचा, तो उलगडायचा, त्यावर नक्षी उठवायची, कापायचा, घडी घालायची, पॅक करायचं. यात पाणी लागत नाही, सांडपाणी नाही, वीजही बेताची. मराठवाड्याला शोभेल असा हा कोरडा धंदा आहे.

'नुसतं कापायचं' म्हणून याला हलकं लेखू नका. यात आपल्या भागाच्या बाजूनं एक मोठी गोष्ट आहे, ती दिरांना चटकन कळेल, कारण ते टेम्पो चालवतात. जम्बो रोल घट्ट गुंडाळलेला असतो. तोच कागद घड्या घालून पाकिटात भरला की फुगतो. तयार नॅपकिननं टेम्पो गच्च भरतो, पण वजन जेमतेम असतं. म्हणजे लांबून तयार माल आणणारा माणूस अर्ध्याहून जास्त भाडं हवेचं देतो. मुंबईचा किंवा गुजरातचा कारखानदार लातूरच्या दवाखान्याला महिन्याला दोन-चार पेट्या पाठवायला गेला तर भाड्यातच मेला. रोल लांबून आणायचा आणि गिऱ्हाइकाच्या जवळ कापायचा, यात तुमचा फायदा आहे. तो फायदा टेम्पो एका दिवसात जाऊन येतो तेवढ्या टापूतच टिकतो. औशाहून लातूर, तुळजापूर, निलंगा, उदगीर, अहमदपूर. त्यापलीकडचं स्वप्न आत्ता नको.

आता जगात वर काय चाललंय ते थोडक्यात सांगतो, कारण त्याचा धक्का तुमच्यापर्यंत पोचतो. पल्प बनवणाऱ्या कंपन्याच आता टिश्यू विकायला उतरल्यात. २०२५ च्या जूनमध्ये ब्राझीलच्या सुझानो या निलगिरीच्या पल्पमधल्या बलाढ्य कंपनीनं किम्बर्ली-क्लार्कच्या उत्तर अमेरिकेबाहेरच्या बऱ्याचशा टिश्यू व्यवसायात ५१ टक्के वाटा घेण्याचा करार जाहीर केला. क्लीनेक्स ज्यांचं, ती ही किम्बर्ली-क्लार्क. झाडापासून डब्यापर्यंत सगळं एकाच्या हातात, असा हा प्रवास आहे. तुम्ही त्यांच्याशी दुकानाच्या फळीवर लढायला जाऊ नका. घरगुती फेशियल टिश्यूचा डबा मोठ्या ब्रँडला आणि मॉलच्या स्वतःच्या छापाला सोडून द्या. आणि पल्पचा व्यापार डॉलरमध्ये होतो, त्यामुळं तिकडं भाव चढला किंवा इकडं रुपया घसरला की महिन्याभरात तुमच्या रोलचा भाव बदलणार. गिऱ्हाइकाशी वर्षभराचा बांधलेला भाव कधीच कबूल करू नका. तीन महिन्यांचा करा, आणि रोलचा भाव अमुक हलला की पाकिटाचा भाव तमुक हलेल, हे आधीच लिहून घ्या.

ते 'तमुक' कसं काढायचं, ते नीट समजून घ्या. तुम्ही बी.कॉम. आहात, हे एकदा डोक्यात बसलं की तुम्हाला कोणी फसवू शकणार नाही. टिश्यूची जाडी जीएसएममध्ये मोजतात, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन किती ग्रॅम. तीस बाय तीस सेंटिमीटरचा एक नॅपकिन म्हणजे ०.०९ चौरस मीटर. कागद १६ जीएसएमचा, एक पदरी असेल तर एका नॅपकिनचं वजन १.४४ ग्रॅम, शंभरच्या पाकिटाचं १४४ ग्रॅम. हिशेबाला सोपं म्हणून रोल शंभर रुपये किलो धरा. पाकिटात कागदच १४ रुपये ४० पैशांचा गेला. रोल किलोला दहा रुपयांनी वाढला तर पाकीट १ रुपया ४४ पैशांनी महागलं. त्यात कापताना वाया गेलेला कागद, पिशवी, मजुरी, वीज, भाडं, हप्ता मिळवा. रोल तोलताना मधली पुठ्ठ्याची नळीही तोलली जाते. तिचं वजन वजा करून बिल करतात की कागदाच्या भावानं पुठ्ठा विकतात, हे पहिल्याच खेपेला विचारा.

आता बाजारातलं स्वस्त पाकीट घ्या. त्यावर शंभर लिहिलेलं असतं, पण कागद सत्तावीस बाय सत्तावीसचा आणि १४ जीएसएमचा. एक नॅपकिन १.०२ ग्रॅम, पाकीट १०२ ग्रॅम. तुमच्यापेक्षा ४२ ग्रॅम कमी. तो चार रुपयांनी स्वस्त देतो आणि तरीही नफा कमावतो. आत शंभरऐवजी नव्वदच निघाले तर विचारायलाच नको. या खेळात उतरू नका ताई. लग्नाच्या पातळ नॅपकिनमध्ये आधीच गर्दी आहे, नवीन मशीन घेणारा प्रत्येक जण पहिल्यांदा तिथंच पडतो. कॅटरर मंडळी भाव पाडून मागतात आणि पैसे पुढच्या लग्नसराईला देतात. तुम्ही आकार, जाडी आणि नग खरे छापा आणि खरे द्या. तसंही पॅकबंद मालाच्या वजन-मापाच्या कायद्यानं पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, नग, आकार, महिना-वर्ष, किंमत आणि तक्रारीसाठीचा संपर्क छापणं बंधनकारक आहे. दवाखाने आणि चांगली हॉटेलं चालवणारी माणसं मोजून घेतात. दोनदा मोजून बरोबर निघालं की तिसऱ्यांदा ती मोजत नाहीत, आणि मग वर्षानुवर्षं तुमच्याकडूनच घेतात.

मग सुरुवात कुठून? मशीनपासून तर नाहीच. पहिले चार-सहा महिने तयार माल ठोक घेऊन विका. लातूरला गंजगोलाईच्या बाजारात किंवा संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा भागात चौकशी केली तर दुसऱ्याचा माल घेऊन विकता येईल. जेमतेम भांडवल, एक वही आणि दिरांचा टेम्पो, एवढ्यावर हे होतं. यात नफा कमीच सुटेल. पण कोण रोख देतो, कोण उधारीवर लोंबकळत ठेवतो, कुणाला एम-फोल्ड लागतो, कुणाला रोल, महिन्याला किती, हे सगळं तुमच्या वहीत येईल. मला ती वही मशीनच्या कोटेशनपेक्षा जास्त महत्त्वाची वाटते. बाजारातले आठ-दहा प्रकारचे नमुने आणा, सोनाराच्या किंवा किराणा दुकानातल्या बारीक काट्यावर तोला, वरच्या गणितानं जीएसएम काढा. ओल्या हातात धरून बघा, लगेच लगदा होतोय की टिकतोय. काळ्या कापडावर घासा, पांढरी भुकटी किती सांडते ते दिसेल. चष्म्याची काच, डॉक्टरचे हात, जेवणाचं ताट, तिन्हीला ती भुकटी नको असते.

दवाखान्यात आणि हॉटेलात जाताना डिस्पेन्सरचा विचार करून जा. भिंतीवर डबा तुम्ही तुमच्या खर्चानं बसवून द्यायचा, त्यात बसणारा कागद दर महिन्याला तुम्ही पोचवायचा. मोठ्या कंपन्या शहरात हेच करतात आणि पुढं सगळा संस्थात्मक धंदा याच वाटेनं जाईल. त्यांच्या माणसाला निलंग्याच्या दहा खाटांच्या दवाखान्यात यायला परवडत नाही, तुम्हाला परवडतं. डबा अडकला, कागद संपला, तर फोनवर दुसऱ्या दिवशी माणूस हजर, ही सेवाच तुम्ही विकताय असं समजा. डबे मात्र सगळे एकाच मापाचे घ्या, नाहीतर पाच प्रकारचा कागद ठेवत बसाल.

वहीत महिन्याचा ठरलेला खप एवढा जमला, की एक मशीन निम्मा दिवस तरी चालेल, तेव्हाच मशीन बघा. त्या वेळी नॅपकिनऐवजी एम-फोल्ड टॉवेल घालणारं आणि रोल गुंडाळणारं मशीन घ्यायचं का, हे तुमची वहीच सांगेल. मशीन जिथं चालू आहे अशा दोन-तीन ठिकाणी जा, विकणाऱ्याला न सांगता जा, आणि चालवणाऱ्या बाईला किंवा पोराला विचारा की पातं किती दिवसांनी बदलावं लागतं, सुटा भाग कुठून येतो, बिघाड झाला तर मेकॅनिक किती दिवसांनी येतो. शेडमध्ये थ्री-फेज वीज किती तास टिकते ते उन्हाळ्यात बघून ठेवा. आपल्याकडं एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत कागदात स्थिर वीज साठते, घड्या एकमेकींना चिकटतात, कागद तटकन तुटतो. पावसाळ्यात हाच कागद ओल धरतो. शेड पत्र्याचं असेल तर रोल जमिनीवर ठेवू नका, लाकडी फळ्यांवर ठेवा. टिश्यूची भुकटी हवेत उडते आणि चटकन पेट घेते. मशीनखालचा केर रोज काढायचा, आत बिडी-काडी कुणालाच नाही, आणि विमा पहिल्या दिवसापासून.

पैशाचं बोलू. जमीन तारण ठेवायची गरज पडू नये. ठरावीक मर्यादेपर्यंतच्या लघुउद्योगाच्या कर्जाला बँकेनं तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. लातूरच्या जिल्हा उद्योग केंद्रात जा, पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम आणि राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम, दोन्हींची सध्याची स्थिती विचारा. केंद्राच्या योजनेत ग्रामीण भागातल्या महिलेला प्रकल्पाच्या ३५ टक्के अनुदान आहे आणि स्वतःचा वाटा ५ टक्के. ते अनुदान हातात मिळत नाही, तीन वर्षं बँकेत तुमच्या नावानं ठेवीत राहतं आणि मग कर्जात वळतं होतं, हे लक्षात ठेवून हप्त्याचा हिशेब करा. अर्ज तुमच्या स्वतःच्या नावानं करा. आणि ही योजना नव्या उद्योगासाठी आहे. आधी मशीन घेऊन धंदा सुरू केला आणि मग अर्ज केला, तर अडचण येते. सोमवारच्या दोन लाखांत हाही धोका आहे. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, तिच्यासाठी कुणालाही पैसे देऊ नका.

मामंजींनी जमीन द्यायची तयारी दाखवली, ती तुमच्यावरच्या विश्वासापोटी. त्यांना हे उत्तर वाचून दाखवा आणि सांगा की आत्ता सातबारा कपाटातच राहू द्या. आत्याबाईंनाही या कामात घ्या. नमुने मोजायला, पाकिटं तपासायला त्यांच्याइतकं चिकित्सक माणूस पगार देऊन मिळणार नाही.

सोमवारी त्या माणसाचा फोन येईलच. भांडू नका. एवढंच विचारा, की आमच्या लातूर-धाराशिव-नांदेड भागात तुमचं मशीन दोन वर्षांपासून चालू आहे आणि माल तुम्ही अजून परत घेताय, अशा तीन जणांचे पत्ते द्या, आम्ही जाऊन बघून येतो. पत्ते मिळाले तर दिरांच्या टेम्पोनं खरंच जाऊन या आणि तिथं काय दिसलं ते मला कळवा. 'आधी अॅडव्हान्स भरा, मग पत्ते देतो' असं उत्तर आलं, तर तो नंबर पुन्हा उचलू नका.